स्वतंत्र पक्ष: विचार मुंबईचा, मतं संस्थानांची

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "भारतात उदारमतवादी पक्ष कधी रुजलाच नाही असं आम्हाला शिकवतात. मग १९६७ मध्ये लोकसभेत सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरलेला स्वतंत्र पक्ष काय होता? तो इतक्या लवकर कसा संपला, महाराष्ट्रात त्याचं नावनिशाण का नाही, आणि आज तसा पक्ष काढता येईल का?"

मी शेतकरी चळवळीतून आलो, पुढे बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आणि मधल्या काळात लहान पक्षांच्या उमेदवारांसाठी मतदारयाद्या फोडणं, बूथवर माणसं बसवणं ही कामंही केली. त्यामुळे माझं उत्तर निवडणुकीच्या हिशोबाकडे झुकणार. तो हिशोब एका ओळीत असा: स्वतंत्र पक्षाचा विचार स्वतःचा होता, नेते स्वतःचे होते, मतं मात्र उसनी होती. ज्यांच्याकडून आणली, ते उठून गेले की मतंही त्यांच्यामागे गेली.

उदारमतवाद आपल्याकडे आला तो फार आधी. रानडे-गोखल्यांची नेमस्त परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. १९१८ मध्ये काँग्रेसपासून वेगळे झालेल्या नेमस्तांनी मुंबईत सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली आपली परिषद भरवली आणि त्यातून नॅशनल लिबरल फेडरेशन निघालं. चिमणलाल सेटलवाड, तेजबहादूर सप्रू, श्रीनिवास शास्त्री, आपले रँग्लर परांजपे ही त्यातली मंडळी. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर यांच्यातल्या काहींना मंत्रिपदं मिळाली. परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. पण गांधींनी राजकारण दिवाणखान्यातून रस्त्यावर आणलं आणि ही विद्वान मंडळी मागे पडली. स्वतंत्र पक्षाचा उगम या परंपरेत शोधायला जाऊ नका. तो जमिनीच्या भांडणातून आला, आणि ते भांडण पेटलं नागपुरात.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. तिथल्या ठरावाचा गाभा असा: जमिनीवर कमाल धारणेची मर्यादा घालायची, वरची जमीन पंचायतींकडे द्यायची आणि पुढे गावोगाव संयुक्त सहकारी शेती आणायची. मालकी कागदोपत्री शेतकऱ्याचीच राहील, जमिनीच्या प्रमाणात उत्पन्नाचा वाटा मिळेल, राबणाऱ्याला मजुरी मिळेल. पण बांध मोडायचे आणि जमीन एकत्र कसायची. त्याच ठरावात धान्याच्या सरकारी व्यापाराचंही सूतोवाच होतं. चीनमधल्या सामूहिक शेतीचे गोडवे गायले जाण्याचा तो काळ. काँग्रेसच्या आतूनच चरणसिंगांनी याला कडाडून विरोध केला. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा यांनी तर पक्षच सोडला.

इकडे मुंबईत दुसरी मंडळी आधीपासून कामाला लागली होती. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढला होता. परवान्यांच्या जाचाने कातावलेले उद्योजक, वकील आणि निवृत्त सनदी अधिकारी यांचं ते व्यासपीठ. शेतकऱ्यांची बाजू रंगांकडे, उद्योगाची बाजू मुंबईकडे, आणि दोघांना एकत्र बांधणारा माणूस मद्रासमध्ये: चक्रवर्ती राजगोपालाचारी. माजी गव्हर्नर जनरल, वयाची ऐंशी उलटलेली. ४ जून १९५९ रोजी मद्रासमध्ये नव्या पक्षाची घोषणा झाली, ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईत तयारीची परिषद भरली, आणि मार्च १९६० मध्ये पाटण्याला पहिलं अधिवेशन. अध्यक्ष रंगा, सरचिटणीस मिनू मसानी, चिन्ह तारा.

मसानींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हा पक्ष म्हणजे नाराज काँग्रेसवाल्यांची मोट झाली असती. मसानी मूळचे समाजवादी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे यांच्या चर्चांमधून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना निघाली, त्यात मसानी होते. पुढे स्टालिनच्या रशियात काय चाललंय ते कळत गेलं आणि हा माणूस पार दुसऱ्या टोकाला आला. मुंबईचे महापौर, ब्राझीलमध्ये राजदूत, टाटांकडे नोकरी, आणि १९५७ ला रांचीहून झारखंड पक्षाच्या पाठिंब्यावर अपक्ष खासदार. समाजवाद आतून पाहिलेला असल्यामुळे त्यांची टीका नेमकी जागेवर लागायची.

राजाजींचं तसं नव्हतं. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री असताना त्यांनी धान्यावरचं नियंत्रण उठवून दाखवलं होतं, आणि 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हे शब्द त्यांनीच रूढ केले. पण हाच माणूस दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. याच माणसाने १९५३ मध्ये शाळकरी मुलांनी अर्धा वेळ वडिलांचा धंदा शिकावा अशी योजना आणली, ती जातिव्यवस्था टिकवण्याची योजना आहे असा गहजब झाला आणि १९५४ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. म्हणजे अर्थकारणात उदार, समाजकारणात सनातनी म्हणावेत इतके परंपरावादी. तिसरे कन्हैयालाल मुन्शी, सोमनाथच्या जीर्णोद्धारात पुढे असलेले. स्वतंत्रला 'उदारमतवादी पक्ष' म्हणताना हे मिश्रण विसरू नये. माझ्या मते मसानी आणि त्यांच्याभोवतीचा मुंबईचा गट सोडला तर खऱ्या अर्थाने उदारमतवादी त्या पक्षात मोजकेच होते.

या मंडळींना एकत्र ठेवणारी युक्ती मात्र हुशारीची होती. पक्षाने २१ मूलतत्त्वं जाहीर केली: व्यक्तीचं स्वातंत्र्य, मालमत्तेचा हक्क, शेतकऱ्याची जमिनीवरची मालकी, राज्यसंस्थेचा कमीत कमी हस्तक्षेप, खर्चात काटकसर वगैरे. शेवटचं तत्त्व असं की या तत्त्वांच्या कक्षेबाहेरच्या प्रत्येक प्रश्नावर सदस्याला मनाप्रमाणे बोलायची आणि मत द्यायची मोकळीक. दारूबंदी, भाषा, गोहत्या यांवर पक्षाची भूमिकाच नाही! आजच्या व्हीपच्या, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्यायच्या, जमान्यात हे वाचायला गंमत वाटते. पण व्यवहारात त्याची किंमत मोजावी लागली. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात राजाजी इंग्रजीच्या बाजूने उभे, आणि त्यांच्याच पक्षाच्या राजस्थानातल्या, उत्तर प्रदेशातल्या उमेदवारांना याचं उत्तर देता देता नाकी नऊ. दारात आलेला मतदार मूलतत्त्वं विचारत नाही, तो गाजत असलेल्या प्रश्नावर विचारतो, आणि तिथे 'आमच्यात मोकळीक आहे' हे उत्तर चालत नाही.

आता आकडे. १९६२ च्या लोकसभेत १८ जागा आणि ७.८९ टक्के मतं. तीन वर्षांच्या पक्षासाठी हे घवघवीत यश. पण त्या १८ ची फोड करा: बिहार ७, गुजरात ४, राजस्थान ३, उत्तर प्रदेश ३, आंध्र १. बिहारमधल्या सात जागा म्हणजे रामगढचे राजे कामाख्या नारायण सिंह. त्यांचा स्वतःचा जनता पक्ष होता, तो त्यांनी स्वतंत्रमध्ये आणला. जयपूरहून महाराणी गायत्रीदेवी २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मतं घेऊन निवडून आल्या. अमेरिकेपर्यंत गाजलेला विजय. त्याच सुमारास ओरिसातला माजी संस्थानिकांचा गणतंत्र परिषद हा पक्षही विलीन झाला. नेहरूंनी स्वतंत्रची संभावना सरंजामदार-जमीनदारांच्या मध्ययुगातला पक्ष अशी केली, त्याला हे सगळं कारण. ती टीका अर्धवटच होती, कारण त्या काळात काँग्रेसच्या तिकिटावरही राजे-महाराजे कमी नव्हते. फरक एवढाच की काँग्रेसमध्ये राजा गेला तर पक्ष उरत होता.

बिहारात नेमकं तेच झालं. रामगढचे राजे पक्ष सोडून गेले आणि १९६७ ला बिहारमधून स्वतंत्रचा एकही खासदार आला नाही. सातावरून शून्य, एका माणसाच्या उठून जाण्याने.

गुजरातची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत शिकण्यासारखी. तिथे वल्लभ विद्यानगर उभारणारे भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका, पुढे होते. मध्य गुजरातमधल्या चरोतरातले पाटीदार शेतकरी जमीनमर्यादेला आणि सहकारी शेतीला घाबरलेले, हाती थोडा पैसा असलेले, घरात शिकलेली मुलं असलेले. दुसरीकडे क्षत्रिय सभेने संघटित केलेला मोठा समाज काँग्रेसवर नाराज. या दोघांची मोट भाईकाकांनी बांधली. पाटीदार आणि क्षत्रिय यांची आद्याक्षरं घेऊन लोक तिला 'पक्ष' म्हणायचे. १९६७ मध्ये विधानसभेच्या १६८ पैकी ६६ जागा स्वतंत्रला आणि काँग्रेस ९३ वर. लोकसभेच्या २४ पैकी तब्बल १२. उद्योजकता अंगात मुरलेला, सरकारी मदतीवाचून उभा राहू शकणारा शेतकरी-व्यापारी वर्ग जिथे होता, तिथे उदार अर्थकारणाची भाषा लोकांना आपली वाटली. देशभरातल्या स्वतंत्रपैकी पक्ष म्हणून उभा राहण्याच्या सगळ्यांत जवळ आलेली जागा हीच. तरी गठ्ठा शेवटी जातींचाच, आणि पाटीदार व क्षत्रिय हे गावपातळीवर एकमेकांचे प्रतिस्पर्धी. असा गठ्ठा फार दिवस टिकत नसतो.

१९६७ चा एकूण निकाल ४४ जागा, ८.६७ टक्के मतं. मतांची टक्केवारी पाहा: पाऊण टक्क्याची वाढ आणि जागा अडीचपट. हे काँग्रेसविरोधी जागावाटपाचं गणित होतं. मद्रासमध्ये द्रमुकशी हातमिळवणी करून ६, राजस्थानात ८, ओरिसात ८. ओरिसात तर राजेंद्र नारायण सिंहदेव मुख्यमंत्री झाले आणि काँग्रेसमधून फुटलेल्या जन काँग्रेसच्या साथीने जानेवारी १९७१ पर्यंत सरकार चालवलं. देशात स्वतंत्रचा मुख्यमंत्री झाला तो हा एकच. आणि याच सरकारच्या काळात १९६७ चा धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा झाला, स्वतंत्र भारतातला त्या प्रकारचा पहिला. उदारमतवादी पक्षाच्या एकमेव सरकारच्या खात्यावर हा कायदा जमा आहे हे माझे उदारमतवादी मित्र सहसा सांगत नाहीत. राजस्थानात काँग्रेस १८४ पैकी ८९ वर अडकली होती, स्वतंत्रचे ४८ आमदार, इतरांना घेऊन बहुमताचा दावा. राज्यपालांनी तरी काँग्रेसच्या सुखाडियांना बोलावलं, जयपुरात गोळीबार झाला, राष्ट्रपती राजवट आली, आणि ती उठेपर्यंत आमदार फुटून काँग्रेसचं सरकार बनलं.

त्या ४४ खासदारांमध्ये तीन नावं बघा. मुंबईचे मिनू मसानी राजकोटहून, मुंबईचे पिलू मोदी गोध्र्याहून, आणि निवृत्त आयसीएस अधिकारी नारायण दांडेकर, आपला मराठी माणूस, जामनगरहून. मुंबईच्या उदारमतवाद्यांना निवडून यायला गुजरातेत जावं लागत होतं. महाराष्ट्राने त्यांना काही दिलं नाही: १९६२ च्या विधानसभेत २६४ पैकी शून्य, १९६७ ला २७० पैकी पुन्हा शून्य.

का? विद्यार्थी पटकन म्हणतात, शेटजींचा पक्ष म्हणून. ते खरंच आहे, पण तेवढंच नाही. संयुक्त महाराष्ट्राचा लढा नुकताच संपला होता, १०६ हुतात्म्यांची आठवण ताजी होती, आणि मुंबईतल्या ज्या भांडवलदार वर्गाने मुंबई महाराष्ट्राला द्यायला विरोध केला त्याच वर्गाचे चेहरे या पक्षाच्या व्यासपीठावर. काँग्रेसविरोधी मत द्यायचं तर त्यासाठी शेतकरी कामगार पक्ष, प्रजासमाजवादी, रिपब्लिकन, कम्युनिस्ट असे ओळखीचे पर्याय होते. पण मोठं कारण जमिनीत आहे. आपल्याकडे बहुतेक भागात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरणार, मधे जमीनदार नाही. ओरिसा-राजस्थानसारखे हजारो मतं हलवणारे सरदार-जहागीरदार नाहीत. मग उसनी मतं आणायची कुठून? आणि गुजरातसारखा स्वतःच्या पायावर उभा शेतकरी म्हणावा, तर पश्चिम महाराष्ट्रातल्या तशा शेतकऱ्याला काँग्रेसने आधीच आपल्या घरात घेतलं होतं.

विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला तो १९५० च्या गळीत हंगामाच्या सुमारास. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ही वाट हमरस्ता झाली. गावात विविध कार्यकारी सोसायटी, वर जिल्हा बँक, शेजारी कारखाना, आणि या तिन्हींच्या संचालक मंडळांवर काँग्रेसचीच माणसं. नागपूरच्या ठरावातली संयुक्त शेती इथल्या शेतकऱ्याच्या बांधावर कधी आलीच नाही. आलं ते कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट, पीककर्ज आणि उसाचा पहिला हप्ता. ज्या भीतीवर स्वतंत्र पक्ष गुजरातेत आणि आंध्रात उभा राहिला, ती भीतीच इथे उगवली नाही.

हे मी नंतरच्या काळात डोळ्यांनी पाहिलं. कांदापट्ट्यातल्या एका गावात रात्री मंदिरासमोर आमची बैठक चालली होती. निर्यातबंदीने भाव कसा पाडला जातो, सरकार शेतीत लुडबुड करायची थांबलं तर शेतकरी कसा उभा राहील, हे आमचा वक्ता तळमळीने सांगत होता. ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांनी उलटी पट्टी पाहिलेली. म्हणजे कांदा विकून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता शेतकऱ्यानेच आडत्याला पैसे देणं लागावं. माना डोलत होत्या. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, "तुमचं समदं पटतंय. पण सोसायटीच्या चेअरमनच्या विरोधात मत टाकलं तर खरिपाचं कर्ज कोण देणार, ते सांगा." वक्त्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. त्या गावात आमची सभा भरली आणि पेटी रिकामी राहिली.

हा पेच फक्त महाराष्ट्राचा नाही. सरकारने कमी करावं असं म्हणणाऱ्या पक्षाला मत द्यायचं, तर मतदाराचं रोजचं पान सरकारवाचून हललं पाहिजे. दाखला, कर्ज, बदली, कनेक्शन, रेशन या प्रत्येकासाठी ज्याला कुणाच्या तरी चिठ्ठीची गरज लागते, तो चिठ्ठी देऊ शकणाऱ्यालाच मत देणार. परमिट-लायसन्स-कोटा राजचा सगळ्यांत मोठा बळी परमिट-लायसन्स-कोटा राजला विरोध करणारा पक्षच ठरला. उद्योजकांचंही तेच. टाटांनी काँग्रेसबरोबर स्वतंत्रलाही देणगी दिली, तीही नेहरूंना कळवून. पण बाकीच्या बहुतेक घराण्यांना परवाने दिल्लीहून आणायचे होते. ते खासगीत राजाजींचं कौतुक करायचे आणि चेक काँग्रेसच्या नावे फाडायचे. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावरच कायद्याने बंदी आली. उघड, हिशोबात दाखवलेल्या देणग्यांवर चालणाऱ्या पक्षाला ती सगळ्यांत जास्त लागली. रोखीने काम चालवणाऱ्यांना तिची झळ कमी.

मग या पक्षाने केलं काय? सत्तेच्या मापाने फार थोडं, विरोधकाच्या मापाने बरंच. संसदेतला विरोध तोवर बहुतेक डावीकडून होत होता: सरकार पुरेसं समाजवादी नाही, अशी तक्रार. सरकार जरुरीपेक्षा जास्त समाजवादी आहे आणि राज्यघटनेच्या चौकटीबाहेर चाललंय, असं अभ्यासाने, कलमांचा हवाला देऊन सांगणारा पहिला मोठा गट हा. १९६४ ची १७ वी घटनादुरुस्ती घ्या. तिने 'इस्टेट'च्या, म्हणजे मूलभूत हक्कांचा अडसर न येता सरकारला घेता येणाऱ्या जमिनीच्या, व्याख्येत रयतवारी जमीनही ओढली आणि नवव्या परिशिष्टात आणखी ४४ कायदे घातले, म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून न्यायालयात त्यांना आव्हान देण्याची वाट बंद. मर्यादेच्या आतली, स्वतः कसलेली जमीन घेतली तर बाजारभावाने भरपाई द्यावी अशी तरतूदही त्यात होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरी स्वतंत्रने तिला जो विरोध केला तो मला आजही योग्य वाटतो. जमीनदारी मोडण्यासाठी उघडलेल्या परिशिष्टात साध्या शेतकऱ्याचे हक्क गाडले गेले, आणि महाराष्ट्रातल्या शेतकरी चळवळीला हे उमजायला पुढे कित्येक वर्षं लागली. आज किसानपुत्र आंदोलन नवव्या परिशिष्टाविरुद्ध जे बोलतं, त्याचं मूळ त्या वादात सापडेल.

१९६७ मध्ये मसानी लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. तोवर ही समिती सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराकडे असायची. विरोधकाकडे ती देण्याचा पायंडा तेव्हापासून पडला. सरकारचा खर्च तपासणाऱ्या समितीवर सरकारचा माणूस नसावा, ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट तेव्हा साधी नव्हती. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणारे रुस्तम कूपर याच पक्षातले, आणि त्यांची बाजू मांडली नानी पालखीवालांनी. फेब्रुवारी १९७० मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सरकारने लगेच नवा कायदा आणला आणि बँका सरकारकडेच राहिल्या, हा भाग वेगळा. पण सरकारी कृतीचा नागरिकाच्या हक्कावर प्रत्यक्ष परिणाम काय होतो ते पाहायचं, हे तत्त्व त्या निकालातून आलं आणि पुढच्या अनेक निकालांत कामी आलं.

राजकारणात मात्र न्यायालयातला विजय उलटा पडला. बँका म्हणजे शेटजींच्या तिजोऱ्या, तनखे, म्हणजे माजी संस्थानिकांना मिळणाऱ्या सरकारी रकमा, ही राजांची चैन, आणि दोन्हींच्या बाजूने कोर्टात उभा कोण? इंदिरा गांधींना याहून सोपा शत्रू मिळाला नसता. १९७१ ला संघटना काँग्रेस (काँग्रेस फुटल्यावर इंदिरा गांधींच्या विरोधात उरलेला गट), जनसंघ, संयुक्त समाजवादी आणि स्वतंत्र यांची बडी आघाडी झाली. 'इंदिरा हटाव' विरुद्ध 'गरिबी हटाव'. निकाल सगळ्यांना माहीत आहे. स्वतंत्र ४४ वरून ८ वर, मतं ३.०७ टक्के. मसानी राजकोटला पडले आणि अध्यक्षपद सोडून बाजूला झाले. डिसेंबर १९७२ मध्ये राजाजी गेले.

पिलू मोदींनी पुढची दोन-तीन वर्षं किल्ला लढवला. प्रत्येक गोष्टीत सीआयएचा हात दिसण्याच्या त्या दिवसांत हा भारदस्त देहाचा माणूस गळ्यात 'मी सीआयएचा एजंट आहे' अशी पाटी अडकवून संसदेत आला होता. पण विनोदावर पक्ष चालत नाही. ऑगस्ट १९७४ मध्ये स्वतंत्र चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. नागपूरच्या ठरावाला काँग्रेसमध्ये राहून विरोध करणारे चरणसिंग आणि त्याच ठरावामुळे जन्मलेला पक्ष पंधरा वर्षांनी एका घरात आले. १९७७ मध्ये जनता पक्ष लढला तो याच लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर, आणि त्या सरकारचे अर्थमंत्री झाले स्वतंत्रचे एच. एम. पटेल.

मसानींनी विलीनीकरणानंतरही काम सोडलं नाही. आणीबाणीत सेन्सॉरने त्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर अडवला, तेव्हा ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये जिंकले. भल्याभल्यांनी मान तुकवली त्या काळातला तो निकाल आहे. जमलं तर मिळवून पूर्ण वाचा. लोकशाहीचं प्रशिक्षण देणाऱ्या देवळालीच्या लेस्ली सॉनी केंद्रातली शिबिरंही याच मंडळींची.

महाराष्ट्रात या विचाराला शेतकरी मिळाला तो पक्ष संपल्यावर, आणि तोही मुंबईतून नाही, चाकणच्या कांद्यातून. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला लागले आणि त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. निर्यातबंदी, ठरलेल्या क्षेत्राबाहेर माल विकू न देणारी झोनबंदी, कापसाची एकाधिकार खरेदी या मार्गांनी सरकार शेतमालाचा भाव मुद्दाम पाडतं, ही मांडणी राजाजी-मसानींच्या मांडणीला जाऊन मिळते, पण ती ढेकळातून आली होती म्हणून लाखो लोकांनी ऐकली. १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला तेव्हा नावही तेच निवडलं: स्वतंत्र भारत पक्ष. आंदोलनाला लाखो, मतपेटीत मूठभर. २००४ च्या विधानसभेत एक जागा, राजुऱ्याची, वामनराव चटपांची. रस्ता रोखायला आलेला शेतकरी मतदानाच्या दिवशी आपापल्या चेअरमनकडे परत जातो, हा अनुभव आमच्यातल्या प्रत्येकाला आहे.

आता शेवटचा भाग: आज असा पक्ष काढता येईल का? कागदावर तरी एक अडथळा आहे. १९८९ पासून लागू झालेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे नोंदणी हवी असलेल्या पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. समाजवादाला विरोध हेच ज्याचं जन्मकारण, तो स्वतंत्र पक्ष आज त्याच रूपात नोंदवता येणार नाही. एस. व्ही. राजू आणि एल. आर. संपत या स्वतंत्रच्या जुन्या मंडळींनी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याला आव्हान दिलं, ते प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहिलं. शरद जोशींनी राज्यसभेत असताना ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक आणलं, त्याचंही काही झालं नाही. व्यवहारात सगळेच लिहून देतात आणि पुढे जातात. निष्ठा तपासायला कुणी येत नाही. शंभर मतदार सदस्य, त्यांची प्रतिज्ञापत्रं, दहा हजार रुपये फी, एवढ्यात नोंदणीचा अर्ज होतो.

खरा अडथळा त्या कांदापट्ट्यातल्या म्हाताऱ्याने सांगितलेला. आज मला कुणी असा पक्ष काढायचा म्हणून विचारलं, तर मी सांगतो की विधानसभेचा विचार दहा वर्षं सोडा. एक तालुका घ्या. तिथली सोसायटी, बाजार समिती, दूध संघ, नाहीतर चार ग्रामपंचायती लढवा. शेतकरी उत्पादक कंपनी नीट चालवून दाखवा, म्हणजे निदान काहीशे घरं तरी चेअरमनच्या चिठ्ठीवाचून जगायला लागतील. त्या घरांची मतं तुमची स्वतःची असतील. शहरात हेच गृहनिर्माण सोसायट्या, फेरीवाल्यांचे परवाने, रिक्षाचे बिल्ले या प्रश्नांवर करता येतं, आणि तिथे उदारमतवाद्यांनी फेरीवाल्याच्या बाजूने उभं राहायची हिंमत दाखवली पाहिजे. आजवर ते बहुतेक वेळा फुटपाथ मोकळे हवेत म्हणणाऱ्यांच्या बाजूने दिसले आहेत.

आणि तुम्ही यावर प्रबंध लिहिणार असाल तर राजाजींच्या भाषणांपासून सुरुवात करू नका. १९६२ आणि १९६७ च्या मतदारसंघनिहाय याद्या समोर घ्या, स्वतंत्रचा प्रत्येक विजयी उमेदवार कोण होता, त्याच्यामागे गादी होती, जात होती की स्वतःचं काम, हे एकेका नावापुढे पेन्सिलीने लिहीत जा. तिसऱ्या रकान्यात किती नावं येतात ते मलाही कळवा.